उशिरा हाती आलेले स्टीअरिंग

फेब्रुवारी २०१९ मध्ये चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई इथल्या ट्रॅकवर एमआरएफ चॅलेंज ही मोटारशर्यतींची मालिका संपली आणि अजिंक्यपद वीस वर्षांच्या जेमी चॅडविकने नेले. स्त्रीपुरुष एकत्रच धावतात अशा या मालिकेत अजिंक्य ठरलेली ती पहिली स्त्री. आदल्या ऑगस्टमध्ये ब्रँड्स हॅचला ब्रिटिश फॉर्म्युला ३ ची शर्यत जिंकणारीही पहिली तीच. तरीही चॅडविक फॉर्म्युला १ पर्यंत पोचली नाही. १९७६ नंतर तिथे एकाही स्त्रीने शर्यतीला सुरुवात केलेली नाही. याची दोन तयार उत्तरे लोकांच्या तोंडी असतात. एक, बायकांना ते झेपत नाही. दुसरे, पुरुष त्यांना येऊ देत नाहीत. चॅडविकच्या सुरुवातीच्या वर्षांचा हिशेब नीट मांडला तर दोन्ही उत्तरे अपुरी पडतात. प्रश्न मुख्यतः वयाचा आणि सरावाचा आहे: एकआसनी गाडीचे स्टीअरिंग कितव्या वर्षी हाती आले आणि त्यानंतर वर्षाला किती शर्यती मिळाल्या.

या खेळात वय फार लवकर मोजायला लागतात. मॅक्स व्हर्स्टॅपेन साडेचार वर्षांचा असताना कार्टमध्ये बसला. चॅडविक अकराच्या सुमारास. तो तिच्याहून जेमतेम आठ महिन्यांनी मोठा. २०१५ मध्ये तो सतराव्या वर्षी फॉर्म्युला १ मध्ये उतरला. त्याच वर्षी चॅडविक ब्रिटिश जीटी मालिकेतल्या जीटी४ गटात अजिंक्य ठरली. पण ती छपराची, दोघांनी आळीपाळीने चालवायची स्पोर्ट्‌सकार होती. एकआसनी गाड्यांच्या ब्रिटिश फॉर्म्युला ३ मध्ये ती आली २०१७ ला. उघड्या चाकांच्या हलक्या गाडीला ब्रेक कुठे लावायचा, टायर किती फेऱ्यांत तापतात, पुढच्या गाडीच्या मागे हवा विस्कळीत झाली की वळणावर पकड किती सुटते, हे पुस्तकातून येत नाही. तिथे धावून धावूनच ते अंगवळणी पडते, आणि प्रत्येक फेरीला पैसा लागतो.

मागे पाहिले तरी हेच दिसते. इटलीतल्या फ्रुगारोलो गावच्या लेल्ला लोंबार्दीचे वडील खाटीक होते. दुकानाचा माल पोचवणारी व्हॅन चालवता चालवता तिचा हात बसला. फॉर्म्युला ३ सारख्या खालच्या पायऱ्या चढत १९७५ मध्ये तिने बार्सिलोनाच्या मोंजुइक ट्रॅकवर सहावा क्रमांक मिळवला. अपघातामुळे ती शर्यत अर्ध्यातच थांबली, म्हणून गुणही अर्धाच मिळाला. फॉर्म्युला १ च्या इतिहासात स्त्रीने मिळवलेला तेवढाच गुण. तेव्हा लोंबार्दी चौतीस वर्षांची होती. तिच्या आधी, १९५८ मध्ये, मारिया तेरेसा दे फिलिपिस फॉर्म्युला १ मध्ये आली ती एकतिसाव्या वर्षी. बाईने फॉर्म्युला १ मध्ये उतरू नये असा नियम नव्हता. पण लहान मुलीसाठी पैसा ओतणारे कोणी नव्हते. पुढे मुलगे शाळकरी वयात कार्टिंगकडे वळू लागले आणि हे अंतर आणखी वाढले.

यावर सर्वांत सबळ आक्षेप २०२० च्या मोसमाचा आहे. आदल्या वर्षी केवळ स्त्रियांच्या डब्ल्यू सिरीजचे अजिंक्यपद आणि पाच लाख डॉलर मिळवून चॅडविक प्रेमा या नामांकित संघातून फॉर्म्युला रीजनल युरोपियन मालिकेत उतरली. गाडी डब्ल्यू सिरीजच्याच बनावटीची. पहिले तिन्ही क्रमांक तिच्याच संघातल्या मुलांनी घेतले आणि ती नववी आली. मग सरावाची सबब कशाला, असे कोणी विचारले तर ते चूक नाही. पण विजेता जानलुका पेतेकोफ आणि दुसरा आलेला आर्थर लेक्लेर, दोघेही त्याआधीची दोन वर्षे फॉर्म्युला ४ चे भरगच्च मोसम खेळून आले होते. डब्ल्यू सिरीजच्या पहिल्या मोसमात गुणांच्या शर्यती होत्या फक्त सहा. एवढ्याने सगळा फरक उलगडत नाही, हेही कबूल करायला हवे. या पायऱ्यांवरच्या गाड्यांना पॉवर स्टीअरिंग नसते, त्यामुळे खांद्यामनगटांची ताकद लागते आणि स्त्रियांना ती कष्टाने कमवावी लागते. मात्र ताकद हीच अखेरची भिंत असती, तर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या इंडी एनएक्सटी मालिकेत, तिथल्या दुसऱ्या वर्षी, चॅडविकने रोड अमेरिकाची शर्यत पहिल्या स्थानावरून सुरू करून जिंकली नसती. पहिल्या मोसमात ती बारावी होती, दुसऱ्यात सातवी. गाडी तीच, बाई तीच. वाढला तो अनुभव.

दुसरा आक्षेप वेगळ्या मालिकेलाच आहे. मुलींना बाजूला काढले की त्यांची किंमत कमीच होते, असे काही महिला चालकांनीही म्हटले. त्यात तथ्य आहे, कारण चॅडविक डब्ल्यू सिरीज तीनदा जिंकली तरी तिच्यासाठी फॉर्म्युला १ कडे नेणारी वरची पायरी उघडली नाही, आणि २०२२ मध्ये पैसे संपल्याने ती मालिकाच अर्ध्यावर थांबली. पण दोष वेगळेपणाचा नव्हता. जिंकणारीला पैसे मिळत होते, पुढची जागा नाही. २०२३ मध्ये सुरू झालेल्या, केवळ स्त्रियांच्याच एफ१ अकॅडमी मालिकेने हे उलटे केले: सरावाचे दिवस ठरवून वाढवले, आणि विजेतीला तिथेच न ठेवता वरच्या मिश्र मालिकेत पाठवण्याची सोय केली. पहिली विजेती मार्ता गार्सिया फॉर्म्युला रीजनलमध्ये गेली, दुसरी अॅबी पुलिंग जीबी३ मध्ये. यातून फॉर्म्युला १ ची चालक घडेल की नाही, ते चारदोन मोसमांत ठरणार नाही. आज कार्टमध्ये बसलेल्या सहा वर्षांच्या मुलीला पंधराव्या वर्षापर्यंत मुलाइतक्याच शर्यती मिळाल्या, तर झेपते की झेपत नाही या वादाला प्रथमच खरा पुरावा मिळेल. आजवर तो वाद त्याविनाच चालला आहे.