क्लॅपची कुळकथा

मराठी सिनेमाचा मुहूर्त ठरलेला असतो. नारळ फुटतो, पाहुणे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची पाटी हातात घेतात, ‘टक्’ असा आवाज होतो आणि फोटो निघतात. बहुतेकांना क्लॅप माहीत असतो तो एवढाच. पण ही पाटी मुहूर्ताच्या शोभेसाठी जन्माला आलेली नाही. वेगवेगळ्या यंत्रांवर उतरलेलं चित्र आणि आवाज यांची गाठ घालणं, हे तिचं काम. स्वतःच्या पैशानं, आपल्याच गावात सिनेमा करणाऱ्यासाठी तर आजही इतकं स्वस्त आणि भरवशाचं साधन दुसरं नाही.

मूकपटाच्या काळात क्लॅप नव्हता, होती फक्त पाटी. चित्रीकरण कथेच्या क्रमानं होत नाही. शेवटचा प्रसंग पहिल्या दिवशीही टिपला जातो. म्हणून प्रत्येक शॉटच्या आधी त्याचा क्रमांक लिहिलेली पाटी कॅमेऱ्यासमोर धरत. संकलकाला फिल्मच्या ढिगातून हवा तो तुकडा सापडावा, एवढंच तिचं काम. आवाजच नव्हता, तर टाळी वाजवायची कशाला?

आवाज आला आणि गणित बदललं. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात अर्देशीर इराणींचा ‘आलम आरा’ झळकला. तो टॅनार यंत्रणेवर चित्रित झाला होता. या यंत्रणेत चित्र आणि आवाज एकाच फिल्मवर, एकाच वेळी उमटत. स्टुडिओजवळून रेल्वे जात असल्यानं गाड्या थांबल्यावर, रात्री उशिरा काम चाले. दोन्ही गोष्टी एकाच पट्टीवर असल्यानं त्या जुळवण्याचा प्रश्न नव्हता. अडचण यायची ती कापताना. चित्र उमटतं त्या जागी फिल्म थांबत थांबत सरकते, तर आवाजासाठी ती सलग वाहावी लागते. त्यामुळे आवाज चित्राच्या शेजारी नव्हे, काही चौकटी अंतरावर नोंदवला जातो. चित्र जिथे कापावं, तिथे आवाज भलत्याच क्षणाचा असायचा.

यावर उपाय म्हणजे दोन वेगळी यंत्रं, कॅमेऱ्यात चित्र आणि ध्वनिमुद्रकात आवाज. संकलक दोन्हींवर स्वतंत्रपणे हात चालवू शकला. पण मग या दोन मुक्या पट्ट्या एकमेकींशी जुळवायच्या कशा? उत्तर अगदी साधं निघालं. लाकडाच्या दोन पट्ट्या कॅमेऱ्यासमोर एकमेकींवर आपटायच्या. चित्रात पट्ट्या भिडल्याची एक चौकट सापडते, ध्वनिपट्टीवर तीव्र आवाजाची खूण सापडते. या दोन खुणा समोरासमोर ठेवल्या की पुढचा सगळा शॉट जुळतो. या युक्तीचं श्रेय बहुधा मेलबर्नचे निर्माते एफ. डब्ल्यू. थ्रिंग यांना दिलं जातं. सुरुवातीला क्रमांकाची पाटी आणि टाळीच्या पट्ट्या वेगवेगळ्या होत्या. पुढे त्या एकत्र आल्या आणि आजचा क्लॅप तयार झाला. तिरके काळे-पांढरे पट्टे आले ते अंधुक किंवा भगभगीत उजेडातही भिडण्याचा क्षण स्पष्ट दिसावा म्हणून.

क्लॅपभोवती एक शिस्तही तयार झाली. आधी ‘रोल साउंड’, मग ‘रोल कॅमेरा’. आवाजाची फीत स्वस्त आणि कॅमेऱ्यातली फिल्म महाग, म्हणून आवाज आधी सुरू होई. मग सीन, शॉट, टेक यांचे क्रमांक मोठ्यानं उच्चारायचे, टाळी द्यायची आणि त्यानंतर ‘अ‍ॅक्शन’. टाळी सुरुवातीला राहिली तर शॉटच्या शेवटी पाटी उलटी धरून ती द्यायची. आवाज घेतलाच नसेल, तर पट्ट्यांमध्ये बोटं धरून टाळी वाजणार नाही हे दाखवायचं. संकलकाला एका नजरेत सगळं कळतं.

पुढे कित्येक वर्षं आपल्याकडे डबिंगचं राज्य होतं. बाहेर नेण्याजोगे कॅमेरे चालताना आवाज करत, लोकेशनवर गर्दी असे; म्हणून नट पुन्हा स्टुडिओत येऊन संवाद बोलत. जागेवरचा आवाज केवळ आधारापुरता उरला. २००१ च्या ‘लगान’नं जागेवरच आवाज टिपण्याची पद्धत मोठ्या पडद्यावर पुन्हा ठसवली आणि त्याच्या ध्वनीला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

छोट्या सिनेमावाल्याच्या हाती खरा बदल आला तो २००८ मध्ये, कॅनन फाइव्ह डी मार्क टू या कॅमेऱ्यानं. फोटोच्या कॅमेऱ्यातून सिनेमाच्या तोडीचं चित्र मिळू लागलं. आवाजाची सोय मात्र त्यात जेमतेम होती. हेडफोन लावून ऐकायची जागाही नव्हती. म्हणून आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेणं भाग पडलं. म्हणजे १९३० च्या दशकातली दोन यंत्रांची जोडी परत आली आणि तिच्याबरोबर क्लॅपही.

नगर जिल्ह्याला छोट्या सिनेमाच्या या गोष्टीचं अप्रूप वाटायला हवं. नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापन शिकलेल्या नागराज मंजुळे यांच्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटाला २०१० सालचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. भाऊराव कऱ्हाडे यांनी जमीन विकून धनगर कुटुंबाची कथा सांगणारा ‘ख्वाडा’ केला. २०१४ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत ‘ख्वाडा’ला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळालाच, शिवाय जागेवरच्या ध्वनिमुद्रणाचा पुरस्कारही त्याच सिनेमाच्या महावीर सब्बनवाल यांना मिळाला. मेंढरांचा, माळरानाचा आवाज राष्ट्रीय पातळीवर ऐकला गेला, ही लहान गोष्ट नव्हे.

आता नेवासा तालुक्यातल्या घोडेगावचा जनावरांचा बाजार डोळ्यांसमोर आणा. म्हशींचं रेकणं, दावणीची ओढाताण, व्यापाऱ्यांची चढ्या आवाजातली घासाघीस, मागे नगर-संभाजीनगर रस्त्यावरचे ट्रक. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायची जुनी रीत आहे. रुमालाखालचा भाव कुणी बोलत नाही, पण आजूबाजूचा सगळा गोंगाट त्या गप्प बोटांना अर्थ देतो. असा प्रसंग मुंबईच्या डबिंग स्टुडिओत पुन्हा उभा करता येत नाही. तो जागेवरच टिपावा लागतो, आणि अशा कल्लोळात दोन यंत्रं जुळवायला एक स्वच्छ ‘टक्’ हवाच.

आज संगणकप्रणाली ध्वनिलहरी ताडून चित्र-आवाज आपोआप जुळवतात. पण कॅमेऱ्यावरचा आवाज गोंगाटात बुडाला की त्याही चुकतात. म्हणून काही पथ्यं पाळावीत. क्लॅप माइकजवळ द्या. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे १४ मीटरवरून दिलेली टाळी एका चौकटीनं उशिरा पोचते. पट्ट्या चौकटीत नीट दिसू द्या. दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत एका चालीनं चालत नाहीत, तेव्हा लांबलचक टेकच्या शेवटीही एक टाळी द्या. पाटी नसेल तर दोन तळहातांनी वाजवा, पण वाजवा.

गावाकडच्या नव्या दिग्दर्शकांना एवढंच सांगणं आहे. तुमच्या माणसांची बोली आणि तुमच्या बाजाराचा आवाज ही तुमच्या सिनेमाची खरी पुंजी आहे. ती जागेवर टिपा आणि जपून जुळवा. नारळ एकदाच फोडायचा असतो, क्लॅप प्रत्येक टेकला द्यायचा असतो.