मलिद्याचं ताट

मलिदा हा शब्द आपण मराठीत फार वाईट वापरतो. कुणी कंत्राटात मलिदा खाल्ला, कुणी लाटला, अशा बातम्यांत तो भेटतो. पण अलिबाग, पेण, रोहा, पनवेल या पट्ट्यातल्या बेने इस्राएल यहुद्यांच्या घरात मलिदा म्हटलं की आवाज खाली येतो. तिथे तो नवसाचा, लग्नाचा, नव्या घराचा पवित्र पदार्थ आहे.

शब्द फारसी. ‘मालीदन’ म्हणजे चोळणं, मळणं. आपली ‘मालिश’ त्याच धातूतली. गव्हाची रोटी कुस्करून तूप-साखरेत चोळायची, तो मलिदा. दर्ग्यात आजही तोच चढवतात. पण कोकण हा भाताचा मुलूख. इथल्या यहुद्यांनी नाव तेच ठेवलं आणि रोटीच्या जागी पोहे घेतले.

पोहे धुऊन निथळत ठेवायचे. ते मऊ झाले की ओलं खोबरं, साखर, वेलची, जायफळ, बदाम-पिस्त्यांचे काप. चमच्याने ढवळून भागत नाही. बोटांच्या पेरांनी, पोहा मोडू न देता, खोबऱ्याचा ओलावा त्याला लागेपर्यंत हलकं चोळावं लागतं. मलिदा या नावाचा अर्थ असा हातात कळतो. मग मोठ्या ताटात त्याची रास, भोवती खजूर, केळी, आणखी फळं, वर गुलाबाच्या पाकळ्या आणि सब्जाची डहाळी. हिब्रू आशीर्वाद म्हटले जातात: झाडाच्या फळासाठी वेगळा, जमिनीत उगवलेल्यासाठी वेगळा, सुगंधासाठी वेगळा. सब्जा हातोहात फिरतो, जो तो हुंगतो, आणि मग वाटणी होते.

एका ताटात फारसी नाव, कोकणी पोहे आणि हिब्रू मंत्र. हे तिन्ही एकत्र कसे आले, हीच मलिद्याची कुळकथा.

बेने इस्राएलांची स्वतःची आठवण अशी की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर पूर्वजांचं गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. पोथ्या समुद्रात गेल्या. वाचलेल्यांचे वंशज गावोगाव पांगले, तेलाचे घाणे घातले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. गावांवरून आडनावं पडली: पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर. भाषा मराठी झाली आणि हिब्रू पुसली गेली. जिभेवर उरली ती ‘शमा इस्राएल’ ही एकच प्रार्थना. जन्म, लग्न, मृत्यू, प्रत्येक प्रसंगी तीच म्हणायचे.

भाषा गेली, पण पंचांग गेलं नाही. ते स्वयंपाकघरात जाऊन बसलं, आणि मला या समाजाच्या इतिहासात याहून विलक्षण काही दिसत नाही. हाईम सॅम्युएल किहीमकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस समाजाचा इतिहास लिहिला, त्यात सणांची ही जुनी मराठी नावं नोंदलेली आहेत. वल्हांडण, म्हणजे आंबवलेलं न खाण्याचा सण, त्याचं नाव ‘अनशी ढाकायचा सण’. अनशी हे आंबट कालवणाचं मडकं. ज्या मुलखात पाव नाही, तिथे आंबवण वर्ज्य करायचं ते कशाचं? तर मडकं झाकून ठेवायचं! यरुशलेमचं मंदिर पडलं त्या शोकाच्या उपासाला नाव ‘बिरड्याचा रोजा’, वालाच्या बिरड्यावरून. एक ‘खिरीचा सण’ही होता. आणि प्रायश्चित्ताच्या सगळ्यात मोठ्या दिवशी घराची दारं लावून आत बसायचे, म्हणून तो ‘दारफाळणीचा सण’. कशासाठी बसतो, हे पोथीतून सांगणारं कुणी नव्हतं. तरी पिढ्यान्‌पिढ्या दारं लागत राहिली.

माशांची गोष्टही तशीच. परंपरा सांगते की डेव्हिड राहाबी नावाचा एक विद्वान कोकणात आला. हे लोक खरोखर यहुदी आहेत का, हे पाहण्यासाठी त्याने बायकांपुढे नाना तऱ्हेचे मासे ठेवले. बायकांनी पर आणि खवले असलेले, म्हणजे यहुदी धर्माला चालणारे, तेवढे रांधायला घेतले, बाकीचे बाजूला सारले. राहाबीची खात्री पटली. त्याने तिघांना धर्माचं शिक्षण दिलं, आणि त्या तिघांना पदवी मिळाली ‘काजी’.

काजी, रोजा, मलिदा. प्रार्थनामंदिराला हे लोक ‘मशीद’ म्हणत आले. मुंबईतलं त्यांचं पहिलं मंदिर सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी 1796 साली बांधलं. हे शब्द एकापुढे एक ठेवले की मलिद्याच्या नावाचा उलगडा होतो, असं मला वाटतं. हिब्रू हरवलेल्या या लोकांना उपासनेसाठी शब्द हवे होते, तेव्हा त्यांनी मूर्ती नसलेल्या, सुंता करणाऱ्या, एकच देव मानणाऱ्या मुसलमान शेजाऱ्याकडून ते घेतले. ताटात काय ठेवायचं ते मात्र शेताने आणि माडाने ठरवलं. यरुशलेमच्या मंदिरातल्या प्राचीन अन्नार्पणाची मलिदा ही आठवण आहे, असं समाजात मानतात. भावना म्हणून ती मला मान्य आहे. पोहे-खोबऱ्याचं कूळ मात्र कोकणातलंच.

मलिदा होतो एलियाहू हन्नाबीच्या नावाने. अलिबागजवळ खंडाळ्याला एक खडक आहे, त्याला ‘एलियाहू हन्नाबीचा टापा’ म्हणतात. हा संदेष्टा अग्निरथातून स्वर्गात जाताना इथे टेकला आणि खडकावर खूण उमटली, अशी श्रद्धा. नवस बोलायचा तो त्याच्यापुढे आणि फेडायचा मलिद्याने.

हिब्रू परतली ती मराठीचा हात धरून. कोचीनचे यहुदी शिक्षक म्हणून आले. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने 1832 साली हिब्रूचं व्याकरण मराठीतून लिहिलं. त्याला धर्मांतर हवं होतं. बेने इस्राएलांनी व्याकरण घेतलं आणि आपला धर्म अधिक घट्ट केला. 1874 साली पुण्यात हिब्रू-मराठी हगादा, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी, छापला गेला, आणि त्यातल्या चित्रात वल्हांडणाच्या बिनखमिराच्या भाकरी करणाऱ्या बायका लुगड्यात आहेत. कीर्तनाची आवड तर इतकी की बायबलातल्या कथांवर मराठी कीर्तनं उभी राहिली. मलिद्याच्या ताटापुढे पूर्ण हिब्रू आशीर्वाद म्हणायची सोय झाली ती या शिकण्यातून.

1948 नंतर बहुतेक लोक इस्राएलला गेले: दिमोना, अश्दोद, रामला, बेर शेवा. तिथे घाव बसला तो ज्या धर्मासाठी गेले त्याच्याच पीठाकडून. इतर यहुद्यांशी लग्न लावण्याआधी यांची वंशावळ तपासा, असा आदेश निघाला. मासे निवडून ओळख पटवलेल्या बायकांच्या पणत्यांना पुन्हा परीक्षा! 1964 साली त्यांनी यरुशलेममध्ये धरणं धरलं आणि आदेशाचे शब्द बदलायला लावले.

तिथे भाषेचा व्यवहार उलटा झाला. हिब्रू रोजच्या बोलण्याची झाली आणि मराठी जपून ठेवायची; त्यासाठी ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक निघालं. मलिदा मात्र सोबत गेला. हैफाला कार्मेल डोंगरात एलियाहूची गुहा आहे, खंडाळ्याच्या टाप्याचा नवस आता तिथे फिटतो. खजूर तिथल्याच मातीतले असतात, पोहे भारतीय दुकानातून आणावे लागतात. पणजीने मलिद्यापुढे नुसत्या पाठांतराने म्हटलेलं एलियाहूचं गाणं पणती शब्दन्‌शब्द समजून गाते, आणि ताट पुढे आलं की हाताने चोळलेल्या त्या पोह्यांना पोहेच म्हणते.