परवलीचा शब्द कोणाला सांगावा?

किल्ल्याच्या दरवाजावर रात्रीं पहारेकरी उभा असे आणि बाहेरून येणारानें परवलीचा शब्द सांगितल्यावांचून दिंडी उघडत नसे, हें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. त्या व्यवस्थेंत एक गोष्ट गृहीत धरलेली असे, ती अशी कीं, शब्द विचारणारा पहारेकरी आपलाच आहे. तो शत्रूचा असेल तर? मग कितीही गुप्त राखलेला शब्द अलगद शत्रूच्या हातीं पडावयाचा. आजच्या भाषणाचा विषय दिसण्यांत अगदीं अलीकडचा आहे. परंतु त्याचें मूळ ह्या एकाच शंकेंत आहे.

घरोघरीं मुलें संगणकावर खेळ खेळतात. खेळ विकणाऱ्या कंपन्यांनीं त्यासाठीं आपापलें स्वतंत्र ॲप दिलेलें असतें. त्याला लाँचर म्हणतात. तेंच खातें ब्राउझरमधूनही उघडतां येतें. खात्यांत विकत घेतलेले खेळ असतात, कधीं वडिलांच्या कार्डाचा क्रमांकही असतो. तेव्हां पासवर्ड लाँचरला सांगावा कीं ब्राउझरला, असें माझ्या भाच्यानें मला विचारलें असतां मीं घाईघाईनें उत्तर दिलें, "लाँचरलाच सांग, तो कंपनीचा आहे." तें उत्तर अर्धेंच खरें होतें, हें पुढें ह्या विषयाचा इतिहास चाळतांना माझ्या ध्यानांत आलें.

संगणकावर पासवर्ड आला तो १९६१ सालाच्या सुमारास, अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेंत. एकच यंत्र अनेकांनीं वांटून वापरावें अशी योजना फर्नांडो कॉर्बाटो ह्यांनीं तेथें सिद्ध केली, आणि ज्याचें त्याला वेगळें राहावें म्हणून प्रत्येकास पासवर्ड दिला. पुढच्याच वर्षीं ॲलन शेर नांवाच्या विद्यार्थ्याला यंत्रावरचा नेमून दिलेला वेळ पुरेना. त्यानें सर्वांच्या पासवर्डांची यादीच यंत्राकडून छापून घेतली! अर्थात् ही चोरी कोठारांतली झाली. दरवाजावरची फसवणूक अद्याप यावयाची होती.

एका मोठ्या यंत्राला अनेक टर्मिनलें जोडण्याची वहिवाट विद्यापीठांतून पडली, तेव्हां ती आली. एखादा खट्याळ विद्यार्थी लहानसा प्रोग्रॅम लिही. तो प्रोग्रॅम पडद्यावर नांव व पासवर्ड विचारणारी ओळ हुबेहूब खऱ्यासारखी उमटवी आणि गप्प बसून राही. दुसरा कोणी येऊन बसला कीं तो विश्वासानें दोन्ही गोष्टी टंकी. प्रोग्रॅम त्या टिपून ठेवी, पासवर्ड चुकला असें खोटेंच सांगे, आणि खऱ्या ओळीला वाट देऊन नाहींसा होई. बिचाऱ्याला वाटे, आपलेंच बोट चुकलें! अमेरिकेच्या संरक्षण खात्यानें १९८३ सालीं जें नियमपुस्तक काढलें, आणि जें वेष्टणाच्या रंगावरून पुढें 'ऑरेंज बुक' म्हणून प्रसिद्ध झालें, त्यांत वरच्या श्रेणीच्या यंत्रांसाठीं एक अट आहे. मनुष्याला थेट यंत्राच्या मूळ व्यवस्थेशींच बोलण्याचा मार्ग असला पाहिजे. मध्यें तोतया येतां कामा नये. १९९३ सालच्या विंडोज एनटींत ह्या कल्पनेला तीन कळींचें रूप मिळालें. कंट्रोल, आल्ट आणि डिलीट ह्या कळा एकदम दाबल्या कीं ती हांक सामान्य प्रोग्रॅमला मध्येंच झेलतां येत नसे. खरी व्यवस्थाच तिला ओ देई. कचेरींत काम करणाऱ्या पुष्कळांनीं ह्या कळा वर्षानुवर्षें दाबल्या असतील. त्या कां दाबावयाच्या, हें मात्र त्यांतील फारच थोड्यांना कोणी सांगितलें असेल.

ब्राउझरनें हाच प्रश्न निराळ्या रीतीनें हाताळला. नेटस्केपनें १९९५ सालीं ब्राउझर व सर्व्हर ह्यांमधील संभाषण सांकेतिक लिपींत गुंडाळण्याची पद्धत प्रसृत केली. त्याच वर्षीं बर्कलेच्या इअन गोल्डबर्ग व डेव्हिड वॅग्नर ह्या दोन विद्यार्थ्यांनीं दाखवून दिलें कीं, त्यांतील गुप्त अंक घड्याळाच्या वेळेसारख्या साध्या गोष्टींवरून काढलेले असल्यामुळें ते तर्कानें शोधतां येतात. दोष चव्हाट्यावर आला आणि दुरुस्त झाला. पुढें २००८ सालीं क्रोमनें प्रत्येक पानाला जणूं निराळ्या कोठडींत ठेवण्याची व्यवस्था केली. परंतु माझ्या मतें ब्राउझरची खरी मिळकत म्हणजे वरची पत्त्याची पट्टी. पान आपल्या चौकटींत वाटेल तें रंगवो, त्या पट्टीवर त्याची सत्ता चालत नाहीं. पहारेकऱ्याच्या छातीवरचा बिल्ला तो हाच.

लाँचर पुढें आला तो १२ सप्टेंबर २००३ रोजीं, व्हॉल्व्ह कंपनीच्या स्टीमच्या रूपानें. पुढच्या वर्षीं 'हाफ-लाइफ २' हा खेळ दुकानांतून खोक्यांत विकत आणला तरी स्टीमशिवाय चालेना, म्हणून पुष्कळ खेळाडू संतापले. इतर कंपन्यांनीं तोच कित्ता गिरविला. आतां गंमत अशी कीं, स्टीमसह अनेक लाँचरांच्या पोटांत प्रत्यक्ष ब्राउझरच बसविलेला असतो. क्रोम ज्यावर उभा आहे तेंच यंत्र, पण बहुधा पत्त्याच्या पट्टीवांचून. म्हणजे पहारेकरी तोच, फक्त बिल्ला काढून घेतलेला. शिवाय ब्राउझरमधलें पान कोठडींत असतें, तर लाँचरचे हात घरभर पोंचतात. २०१२ सालीं टॅव्हिस ऑर्मंडी ह्या संशोधकानें उघड केलें कीं, युबिसॉफ्टच्या यूप्ले ह्या लाँचरनें ब्राउझरला एक जोडपुरवणी चिकटविली होती आणि तिच्या आधारें कोणतेंही परकें पान आपल्या संगणकावर हवा तो प्रोग्रॅम चालवूं शकत होतें! कंपनीनें ती चूक लगेच सुधारली. पण ब्राउझरनें कष्टानें बांधलेल्या भिंतीला भोंक पाडलें तें लाँचरनें, हें विसरतां येत नाहीं.

म्हणून ब्राउझर निर्दोष ठरतो असें नव्हे. व्हॉल्व्हनेंच डिसेंबर २०१५ मध्यें सांगितलें कीं, दरमहा सुमारें ७७,००० खातीं लुबाडलीं जात आहेत. आणि अशा लुटीला खोट्या पानांचा मोठा हात लागतो. २०२२ सालीं तर स्टीमच्या खेळाडूंना फसविण्यासाठीं चोरांनीं पानाच्या आंतच दुसऱ्या खिडकीचें चित्र रंगविलें, त्यावर पत्त्याची पट्टी काढली आणि पट्टींत खरा पत्ताही लिहिला. अशी खिडकी ओळखण्याची युक्ति सोपी आहे. ती धरून ब्राउझरच्या कडेबाहेर ओढून पाहावी. चित्र चौकटीबाहेर जाऊं शकत नाहीं.

माझें उत्तर अर्धें खरें कां, हें आतां सांगतां येईल. लाँचर कंपनीच्या खऱ्या पत्त्यावरून आणलेला असेल, आणि खातेंही त्याच कंपनीचें असेल, तर तिचाच पासवर्ड तिच्याच ॲपला सांगण्यांत नवें असें कांहीं तिच्या हातीं जात नाहीं. परंतु पुष्कळ लाँचरांत गूगलच्या अथवा दुसऱ्या कोणाच्या खात्यानें आंत येण्याची सोय असते. तेथें प्रश्न पालटतो. ज्या ॲपच्या पोटांत ती खिडकी उघडते, त्याला तिच्यांत दाबलेली प्रत्येक कळ वाचतां येते; म्हणजे एकाच्या घराची किल्ली दुसऱ्याच्या हातांतून जाते. ह्याच कारणासाठीं गूगलनें २०१७ सालीं अशा पोटांतल्या खिडक्यांतून आपल्या खात्यांत शिरण्यास बंदी सुरू केली, आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत निघालेल्या आरएफसी ८२५२ ह्या नियमपत्रानें असें ठरविलें कीं, ॲपनें ह्या कामासाठीं मनुष्याला बाहेर खऱ्या ब्राउझरकडे पाठवावें आणि परत येतांना केवळ परवान्याची चिठ्ठी स्वीकारावी. २०१९ सालीं मान्य झालेल्या वेबऑथन ह्या पद्धतींत तर पत्ता जुळल्यावांचून किल्ली बाहेरच निघत नाहीं. पहारेकऱ्याची ओळख यंत्रच पटवून घेतें.

तेव्हां चोरांनीं दरवाजा सोडून चिठ्ठीकडे मोर्चा वळविला. एकदां आंत गेल्यावर ब्राउझर कुकी जपून ठेवतो, लाँचरही तसलीच खूण ठेवतो. ती उचलली कीं पासवर्डाची गरजच उरत नाहीं. खेळांत लबाडीनें जिंकण्याचीं जीं साधनें फुकट वांटलीं जातात, त्यांतून असे चोर अनेकदां घरांत येतात. जुलै २०२४ मध्यें क्रोमनें विंडोजवर कुकींना नवें कुलूप घातलें. थोड्याच महिन्यांत त्यावरही तोडगे निघाले. भाच्याला मीं माझें सुधारलेलें उत्तर कळविलें आहे. फुकटच्या साधनांविषयींचें कलम त्याला फारसें रुचलेलें दिसत नाहीं.