तंबोऱ्याची गोलाई

गिटारच्या बाजू वळवणे हे काम कारागिराची परीक्षा पाहते. शिसवीची जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची पट्टी ओली करायची आणि तापलेल्या लोखंडी नळीवर हळूहळू दाबत तिला कंबर काढायची. घाई झाली की पट्टी तडकते. ब्राझीलची शिसव दुर्मिळ झाल्यावर, १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून, जगभरच्या गिटारवाल्यांनी आपल्याकडची शिसव मोठ्या प्रमाणावर वापरायला घेतली. मिरजेतल्या तंबोऱ्याला मात्र अशी पट्टी वाकवावी लागत नाही. त्याची गोलाई वेलीवर धरते.

तंबोऱ्याचा भोपळा भाजीचा नव्हे. तो कडू, जाड सालीचा. पंढरपूर-मंगळवेढ्याकडे भीमेच्या परिसरात त्याची शेती होते. फळ पुरते वाळल्याशिवाय उपयोगाचे नाही आणि वाळताना अवेळी पाऊस आला तर सडते. मर्दानी, म्हणजे पुरुष गायकांच्या, तंबोऱ्याला सुमारे पन्नास इंच घेराचे, डाग-चीर नसलेले फळ लागते. असे फळ पिकवणारा शेतकरी हा माझ्या मते या वाद्याचा पहिला कारागीर.

पण वेलीने दिलेला आकार जसाच्या तसा चालत नाही. मिरजेत आल्यावर भोपळा कापतात, पाण्यात भिजवतात, आतला गर खरवडून काढतात आणि हव्या त्या आकारात राहावा म्हणून आत काटक्यांचा आधार देऊन वाळवतात. गिटारवाला पाणी आणि आच वापरतो, मिरजेचा कारागीर पाणी आणि धीर. मग त्यावर तुणीच्या लाकडाची दांडी आणि तबली, म्हणजे वरची फळी, चढते.

हे कसब मिरजेत आले ते शस्त्रांच्या वाटेने. शिकलगार म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे, हत्यारे दुरुस्त करणारे लोक. इंग्रजी अंमल बसला आणि तलवारीचे काम सरले. १८५० च्या सुमारास फरीदसाहेब शिकलगार आणि मोईनुद्दीन शिकलगार वाद्यांच्या दुरुस्तीकडे आणि मग घडणीकडे वळले, असे मिरजेची परंपरा सांगते. गावात पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय होता, म्हणून गवई येत-राहत होते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी इथे शिष्य घडवले. विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांच्याकडेच शिकले. कैराना गावचे अब्दुल करीम खाँ मिरजेला स्थायिक झाले. ते स्वतः वाद्यदुरुस्तीत वाकबगार होते. १९३७ मध्ये त्यांचे निधन झाले; ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात ते चिरविश्रांती घेत आहेत आणि उरुसाला तिथे आजही गाणे होते. ऐकणारा कान दाराशी असल्याशिवाय घडवणारा हात तयार होत नाही. मिरजेत हा कान आणि हात एकाच गल्लीत नांदले, म्हणून इथली जवारी, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीची घासणी करून आणलेला गुंजारव, देशभर नावाजली गेली.

आता एक प्रश्न उरतो. भोपळ्याऐवजी लाकूड किंवा फायबर वापरले तर काय बिघडते? स्पेनच्या आन्तोनिओ दे तोर्रेसने १८६२ मध्ये पुठ्ठ्याच्या बाजू आणि पाठ असलेली गिटार बनवली. नाद मुख्यतः वरच्या फळीतून येतो, हे त्याला दाखवायचे होते. त्याचे म्हणणे पुष्कळसे खरे आहे, आणि तंबोऱ्यातही तबली, घोडी आणि जवारीचे दोरे यांचा वाटा मोठा आहे. तरी वजनाला हलके, कडक आणि जोडाविना एकसंध असे एवढे मोठे पोकळ भांडे दुसऱ्या कोणत्या पदार्थातून इतक्या सहज मिळते? तंबोरा मांडीशी घेऊन बसणाऱ्याला हा हलकेपणा तासन्‌तास लागतो. कोणी काही म्हणो, भोपळ्याला पर्याय शोधण्याआधी भोपळा टिकवला पाहिजे.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. नावाचा मान कारागिराला मिळाला, तो हक्काचाच होता. पण वर्षभर एक पीक जपणाऱ्या भीमाकाठच्या शेतकऱ्याला एका पावसाने हात टेकायला लागू नयेत, म्हणून त्याच्या भोपळ्याला हमीचा भाव आणि विम्याचे संरक्षण दिले पाहिजे. तंबोरा घेणाऱ्यांनीही विकत घेताना भोपळा कोणत्या गावचा, हे एकदा विचारावे.