कमाईचे गाव, झोपेचे गाव

जर्मनी आणि स्वित्झर्लंड यांच्यातील करविषयक करारात एक मोठे चमत्कारिक कलम आहे. जर्मनीत राहून स्वित्झर्लंडात नोकरी करणारा मनुष्य कामापायी वर्षातून ६० हून अधिक दिवस रात्री घरी परतू शकला नाही, तर कायद्याच्या दृष्टीने तो 'सीमाकामगार' उरत नाही. ६० च्या आत राहिला, तर स्वित्झर्लंडला त्याच्या ढोबळ पगारातून जास्तीत जास्त ४.५ टक्के कापून घेता येतात आणि कराचा मुख्य हक्क जर्मनीकडे जातो. मूळ करार १९७१ चा. हे कलम १९९२ च्या दुरुस्तीने आले आणि १९९४ पासून लागू झाले. दोन सार्वभौम राष्ट्रांनी तज्ज्ञ बसवून माणसाच्या झोपेचा जमाखर्च मांडावा, हे वाचून प्रथम हसू येते. पण त्यामागचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. मनुष्य कोणत्या गावचा? जिथे तो कमावतो त्या, की जिथे पाठ टेकतो त्या?

कर्जत-विरारहून मुंबईला जाणाऱ्यांना हा प्रश्न अगदीच परका वाटू नये. घाम मुंबईत गळतो. पाणी, शाळा, दवाखाना मात्र कर्जत-विरारने पुरवायचा. तिथे निदान दोन्ही टोके एका राष्ट्रात आहेत. मध्ये सीमा आली की तोच प्रश्न किती निर्दय होऊ शकतो, हे पाहायचे तर स्वित्झर्लंडसारखे दुसरे उदाहरण नाही.

जिनिव्हाचा नकाशा पाहावा. या कँटनची शंभराहून अधिक किलोमीटरची हद्द फ्रान्सला लागून आहे. उरलेल्या स्वित्झर्लंडशी तिचा सांधा जेमतेम साडेचार किलोमीटरचा. शहराची भाजी, दूध आणि माणसे पहिल्यापासून पलीकडून येत. म्हणूनच १८१५-१६ च्या तहांनी फ्रान्स व सार्डिनिया यांची जकातरेषा मागे सरकवून शहराभोवती मुक्त पट्टे निर्माण केले. पहिल्या महायुद्धानंतर, १९२३ साली, फ्रान्सने आपली जकात नाकी थेट सीमेवर आणून बसवली. तंटा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, १९३२ साली निकाल स्वित्झर्लंडच्या बाजूने लागला आणि नाकी पुन्हा मागे गेली. भाजीपाल्याचा प्रश्न असा एकदाचा सुटला. माणसांचा सुटायचा होता.

त्याआधी हंगामी कामगारांविषयी लिहिणे भाग आहे, कारण त्यांच्यावाचून सीमाकामगार समजत नाही. परकीयांच्या वास्तव्याविषयीचा स्विस कायदा १९३१ सालचा; तो १९३४ पासून अमलात आला. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखाने, हॉटेले आणि धरणे यांना हात हवे होते, तेव्हा १९४८ साली इटलीशी कामगारभरतीचा करार झाला. या साऱ्यातून 'हंगामी दर्जा' नावाची जी व्यवस्था पक्की झाली, ती अशी : नऊ महिने काम, तीन महिने देशाबाहेर. बायकामुलांना आणण्यास मनाई. परवाना मालकाच्या नावाशी बांधलेला. सलग काही हंगाम नेमाने पूर्ण केले, तरच वार्षिक परवान्याची आशा. गवंड्याचा पगार इटलीतल्या पगाराच्या मानाने घसघशीत होता, यात शंका नाही. पण त्या पगारात राहण्याचा हक्क समाविष्ट नव्हता; आणि राहण्याचा हक्क हाही मजुरीचाच भाग असतो, हे ज्यांना तो जन्मतः मिळालेला असतो त्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. नियम मोडून आणलेली मुले खोलीत दडवून ठेवली जात. आवाज करू नये, खिडकीशी जाऊ नये, अशी त्यांना ताकीद असे. ती मुले आज वृद्धत्वाकडे झुकली आहेत आणि अलीकडे उघडपणे बोलू लागली आहेत.

३० ऑगस्ट १९६५ रोजी व्हाले कँटनमधील माट्टमार्क धरणाच्या बांधकामावर अलालीन हिमनदीचा तुटलेला कडा कोसळला. कामगारांच्या बराकी, खाणावळ आणि कर्मशाळा हिमनदीच्या ऐन खाली उभारलेल्या होत्या. ८८ माणसे गाडली गेली. त्यांत ५६ इटालियन होते. १७ जणांवर खटला चालला आणि १९७२ साली सारे निर्दोष सुटले. मृतांच्या नातलगांनी अपील केले, तेही फेटाळले गेले आणि खर्चाचा निम्मा भार त्या नातलगांवरच टाकण्यात आला. कायद्याची भाषा कोरडी असते हे मान्य; पण इतकी?

याच दोन घटनांच्या मध्ये, ७ जून १९७० रोजी, जेम्स श्वार्झनबाख यांच्या प्रस्तावावर सार्वमत झाले. कोणत्याही कँटनमध्ये परकीयांचे प्रमाण १० टक्क्यांवर जाऊ नये, जिनिव्हात २५ टक्क्यांवर, अशी ती मागणी. ५४ टक्के मतदारांनी ती फेटाळली. (मतदार म्हणजे फक्त पुरुष, स्विस स्त्रियांना संघराज्याच्या पातळीवर मताधिकार मिळाला तो पुढच्या वर्षी.) मला या प्रस्तावात सर्वांत बोलकी वाटते ती अपवादांची यादी. कुटुंबाविना येणारे हंगामी कामगार आणि रोज परत जाणारे सीमाकामगार या मोजणीतून वगळलेले होते. परकीयांना देशाबाहेर काढू पाहणाऱ्यालाही त्यांचे हात हवेच होते. नको होते ते त्यांचे बिऱ्हाड. या हिशेबात सीमाकामगार हा आदर्श परकीय ठरतो. तो संध्याकाळी आपण होऊन देश सोडतो. त्याची मुले पलीकडच्या शाळेत, आजारपण पलीकडच्या इस्पितळात, म्हातारपणही पलीकडेच.

पण म्हणजे खर्च पलीकडचा आणि कर अलीकडचा! जिनिव्हात त्याचा कर पगारातूनच कापला जाई, आपण ज्याला टीडीएस म्हणतो तसा. ओत-साव्हुआ आणि एँ या फ्रेंच जिल्ह्यांतील गावे मात्र फुगत होती. नळ, शाळा, रस्ते त्यांनी बांधायचे, आणि ज्यांच्यासाठी बांधायचे त्यांचा प्राप्तिकर जिनिव्हाच्या तिजोरीत. गावांच्या तक्रारीतून २९ जानेवारी १९७३ चा समझोता निघाला : कर जिनिव्हानेच घ्यावा, पण सीमाकामगारांच्या एकूण ढोबळ पगाराच्या ३.५ टक्के इतकी रक्कम दरवर्षी त्या दोन जिल्ह्यांना परत द्यावी. आकडा लहान दिसतो. अलीकडच्या वर्षांत ही रक्कम ३० कोटी फ्रँकांच्या वर गेली आहे. तत्त्व मात्र लहान नाही. माणूस घडवायला आणि सांभाळायला खर्च येतो, आणि त्याचे श्रम वापरणाऱ्याने त्या खर्चाचा वाटा उचलला पाहिजे, ही कबुली एका श्रीमंत शहराने लेखी दिली. इतर आठ कँटनांशी फ्रान्सने १९८३ साली करार केला तो नेमका उलटा : कर राहत्या देशाने घ्यावा आणि ४.५ टक्के फ्रान्सने कँटनांना द्यावेत. जिनिव्हा त्यात सामील झाली नाही. का, हे सांगायला नको.

या वाटपाची एक गंमत जाता जाता नोंदवतो. रक्कम गावांत वाटली जाते ती तिथे राहणाऱ्या सीमाकामगारांच्या संख्येवर. त्यामुळे नोंद न करता राहणारा माणूस गावाला महागात पडतो. घरभाडे परवडत नाही म्हणून फ्रान्सच्या बाजूला येऊन राहिलेले, पण कागदोपत्री जिनिव्हातच 'राहणारे' स्विस नागरिक हे अशांपैकीच. परवान्याअभावी मुले दडवणारा गवंडी आणि हे, दोघेही आपले खरे घर लपवतात. शिक्षेतले अंतर मात्र केवढे!

इटलीशी १९७४ च्या कराराने हीच रीत आली. कर स्वित्झर्लंडात कापला जाई आणि त्यातला एक वाटा, तिचिनो कँटनपुरता पुढे ३८.८ टक्के, इटलीच्या सीमेवरील नगरपालिकांकडे जाई. हंगामी दर्जा मुक्तसंचार कराराबरोबर २००२ साली संपला आणि सीमाकामगारालाही रोजच्याऐवजी आठवड्यातून एकदा घरी परतण्याची मोकळीक मिळाली. निर्बंध सैल झाले तशी कटुता वाढली, विशेषतः तिचिनोत. तेथील पगार इतर स्वित्झर्लंडापेक्षा कमी आणि मिलान शहर जवळ. इटालियन माणूस कमी पगारावर राजी होतो, ही स्थानिकांची तक्रार निराधार म्हणता येत नाही. पण २०१० साली त्या कामगारांना चीज कुरतडणारे उंदीर दाखवणारी भित्तिपत्रके लागली, ती तक्रार राहिली नव्हती. २०११ साली कँटन सरकारने इटलीला द्यायचा निम्मा वाटा अडवून धरला. ९ फेब्रुवारी २०१४ च्या सार्वमतात परकीयांच्या संख्येवर मर्यादा घालण्याचा प्रस्ताव देशात ५०.३ टक्क्यांनी निसटता जिंकला. तिचिनोत सुमारे ६८ टक्के मते बाजूने पडली. सीमाकामगारांवरच चालणाऱ्या जिनिव्हाने मात्र विरोधात कौल दिला. जिनिव्हाच्या लोकांनी पगार घसरण्यावर वेगळा उपाय काढला : २०२० साली मतदान करून ताशी सुमारे २३ फ्रँकांचे किमान वेतन ठरवले. माझ्या मते दुखण्याच्या मुळाशी जाणारा उपाय तो हाच. स्वस्त माणूस मिळेनासा झाला की शेजाऱ्याचा राग करण्याचे अर्धे कारण संपते.

इटलीशी नवा करार २०२० च्या डिसेंबरात झाला आणि १७ जुलै २०२३ रोजी अमलात आला. नव्या सीमाकामगाराच्या नेहमीच्या कराच्या ८० टक्के स्वित्झर्लंड घेईल आणि इटलीही, तेवढी सूट देऊन, आपला कर आकारील. इटालियन नगरपालिकांना मिळणारा वाटा २०३३ पर्यंतच. जुन्यांना जुनाच नियम. म्हणजे कोमोजवळच्या एकाच गावातून एकाच मोटारीत बसून, एकाच कारखान्यात जाणारे दोघे शेजारी : एक जून २०२३ मध्ये कामाला लागलेला, दुसरा ऑगस्टमध्ये. यंत्र तेच, पाळी तीच, पगाराची चिठ्ठीही जवळपास तीच. पहिल्याचा कराशी संबंध सीमेअलीकडे संपतो; दुसऱ्याला संध्याकाळी घरी पोचल्यावर इटलीचे विवरणपत्र भरायचे असते.