नोटेवरचे वचन आणि दुकानातला व्यवहार

गिऱ्हाइकाने एक जुनी नोट पुढे करावी, दुकानदाराने ती उलटीसुलटी करून पाहावी व "ही चालायची नाही, दुसरी द्या" असे म्हणावे, त्यावर गिऱ्हाइकाने "सरकारी नोट आहे, चालायची नाही म्हणजे काय?" असे विचारावे, हा संवाद आपल्यापैकी कोणालाच अपरिचित नाही. बहुधा दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात. गिऱ्हाईक कायद्याविषयी बोलत असते, दुकानदार बाजाराविषयी. या दोहोंतील अंतर केव्हा वाढते, केव्हा मिटते आणि त्याची किंमत शेवटी कोणाला द्यावी लागते, हे आपल्या देशाच्या इतिहासाच्या आधारे पाहण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम 'जुनी' या शब्दाचा उलगडा केला पाहिजे. नोट तीन प्रकारांनी जुनी होते. पहिली मळलेली, झिजलेली. दुसरी, जिची छपाई थांबवून रिझर्व्ह बँक जी हळूहळू परत घेत आहे अशी. तिसरी, जिचे चलनत्व सरकारने जाहीरनाम्याने किंवा कायद्याने काढून घेतले आहे अशी. पहिल्या दोन प्रकारच्या नोटा कायद्याच्या दृष्टीने जिवंत असतात, तिसरी मेलेली असते. २२ जानेवारी १९१४ नव्हे, तर अगदी अलीकडे २२ जानेवारी २०१४ रोजी रिझर्व्ह बँकेने २००५ पूर्वीच्या, म्हणजे ज्यांच्या पाठीमागे छपाईचे वर्ष नाही अशा नोटा परत घेण्याचे जाहीर केले, तेव्हा त्यांचे चलनत्व कायमच राहील असेही सांगितले होते. तरीही अनेकांनी नोटा उलट्या करून वर्ष शोधण्यास आरंभ केला. वयाने नोट मरत नाही, ती मरते आज्ञेने. परंतु बाजार आज्ञेची वाट पाहत नाही, त्याला नुसती कुणकुणही पुरते.

चलन हा शब्दच मुळी 'चलणे' या क्रियेतून आलेला आहे. जे चालते ते चलन. पेशवाईतील बाजारात अनेक टांकसाळींचे रुपये फिरत. पुण्याकडचा अंकुशी, चांदवडचा चांदवडी, अशी त्यांची नावे होती. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी मराठ्यांच्या अमदानीतील चलने व टांकसाळी यांवर १८९९ मध्ये निबंध वाचला होता, हे येथे आवर्जून सांगावेसे वाटते. कारण पुण्याची वसंत व्याख्यानमाला ज्यांनी सुरू केली तेच हे रानडे. त्या काळी रुपया सराफापुढे टाकावयाचा, त्याने तो पारखावयाचा, आणि झीज किंवा कस पाहून बट्टा कापून घ्यावयाचा, ही रीतच होती. रुपयाचे मोल त्याच्या चांदीत असल्यामुळे तो पुरता मरत नसे, फार तर उणा होई. आजही कोणाच्या नावाला बट्टा लागला असे आपण म्हणतो, ते या सराफकट्ट्यावरूनच.

कागदी नोटेची गोष्ट वेगळी. तिच्या अंगी स्वतःचे काहीच मोल नाही. तिच्यावर लिहिलेले वचन हीच तिची चांदी. १८४० मध्ये स्थापन झालेल्या बँक ऑफ बाँबेसारख्या इलाखा बँका आपल्या नोटा काढीत असत. १८६१ च्या कागदी चलनाच्या कायद्याने हा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला. मात्र त्या सरकारी नोटाही सगळ्या देशभर सारख्या चालत नसत. कलकत्ता, मुंबई, मद्रास अशी मंडळे आखलेली होती, आणि ज्या मंडळाची नोट त्याच मंडळात ती कायदेशीर चलन. कलकत्त्याची नोट मुंबईच्या व्यापाऱ्याने घेतलीच पाहिजे असे बंधन नव्हते. तो घेईल तर बट्ट्याने घेई. पुढे १९०३ मध्ये पाच रुपयांची नोट ब्रह्मदेशाखेरीज सर्वत्र चालू लागली, १९१० मध्ये दहा व पन्नास रुपयांच्या, १९११ मध्ये शंभराची. आपली नोट देशात कोठेही चालते, ही आज आपणांस निसर्गनियमासारखी वाटणारी गोष्ट मिळण्यास सुमारे पन्नास वर्षे लागली.

आणि तीही सर्वांना मिळाली नाही. मराठवाड्यातील आपल्या बांधवांना निजामाचा हाली रुपया आणि इंग्रजांचा कलदार असे दुहेरी हिशेब करावे लागत. हैदराबाद भारतात विलीन झाल्यावर सात हाली म्हणजे सहा कलदार असा दर ठरला. १९५१ मध्ये नवे हाली चलन काढणे थांबले, परंतु जुने रद्द झाले ते १९५९ मध्ये. राज्य गेले, राजा गेला, तरी त्याची नोट ज्या शेतकऱ्याच्या गाठोड्यात होती त्याला आठ वर्षांचा अवधी मिळाला. ही आठ वर्षे ध्यानात ठेवावी, अशी विनंती आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. रिझर्व्ह बँकेच्या १९३४ च्या कायद्यातील सव्विसावे कलम सांगते की, बँकेची प्रत्येक नोट भारतात कोठेही, तिच्यावरील रकमेइतके देणे भागविण्यास वैध चलन आहे व तिला केंद्र सरकारची हमी आहे. त्याच कलमाचा दुसरा भाग सांगतो की, बँकेच्या मध्यवर्ती मंडळाच्या शिफारशीवरून सरकार एखाद्या मालिकेच्या नोटांचे चलनत्व जाहीरनाम्याने काढून घेऊ शकते. एका हाताने दिलेले वचन दुसऱ्या हाताने परत घेण्याची सोय कायद्यातच आहे.

मग दुकानदाराने नोट घेतलीच पाहिजे काय? वैध चलन ही कल्पना मुळात ऋणफेडीची आहे. खाणावळीत जेवण झाले, हात धुतले, मग पैशाचा प्रश्न आला, तर तेथे देणे उत्पन्न झालेले आहे. अशा वेळी पुढे केलेली वैध नोट नाकारून, "याने पैसे बुडविले" असे मालकाला म्हणता यावयाचे नाही. वाण्याची महिन्याची उधारी, घराचे थकलेले भाडे यांचेही तसेच. परंतु माल अजून फळीवरच आहे, सौदा ठरलेला नाही, अशा वेळी विकावे की न विकावे हा विक्रेत्याचा प्रश्न असतो, आणि नोट न घेणाऱ्याला त्या सव्विसाव्या कलमात कोणतीही शिक्षा सांगितलेली नाही. म्हणून कायदा नोटेला पात्रता देतो, गिऱ्हाईक देत नाही. दुकानदार नोट घेतो ती कलम वाचून नव्हे. उद्या घाऊक व्यापारी ती आपल्याकडून घेईल या भरवशावर घेतो. विश्वासाची ही साखळी आहे, आणि तिची एक कडी निखळली की सर्वांत शेवटी उभा असलेला मनुष्य उघडा पडतो.

गेल्या शतकात ही साखळी सरकारने प्रथम तोडली ती १९४६ मध्ये. १२ जानेवारीच्या वटहुकमाने पाचशे, हजार व दहा हजार रुपयांच्या नोटा रद्द झाल्या. युद्धकाळातील काळा पैसा बाहेर काढणे हा उद्देश होता. त्या वेळी रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते चिंतामणराव देशमुख. रद्द झालेल्या सुमारे १४४ कोटींच्या नोटांपैकी १३५ कोटींच्या आसपास नोटा १९४७ अखेर बदलून गेल्या. पुढे १९५४ मध्ये हजार, पाच हजार व दहा हजारांच्या नोटा पुन्हा निघाल्या. पाच हजारांच्या नोटेवर आपल्या मुंबईचे गेटवे ऑफ इंडिया होते, आणि अर्थमंत्रिपदी होते तेच देशमुख! १६ जानेवारी १९७८ रोजी मोरारजी देसाई यांच्या सरकारने या तिन्ही नोटा पुन्हा रद्द केल्या. बदलून घेण्यास मुदत होती १९ जानेवारीपर्यंत, म्हणजे अवघी तीन दिवसांची. तो कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये वैध ठरविला. परंतु या दोन्ही वेळी सामान्य माणसाच्या घरात त्या नोटा नव्हत्याच. हजाराची नोट पाहिलेला मनुष्य गावात शोधावा लागला असता. म्हणून वाण्याच्या दुकानात तंटा झाला नाही.

८ नोव्हेंबर २०१६ ची गोष्ट अगदी निराळी. त्या रात्री रद्द झालेल्या पाचशे व हजाराच्या नोटा म्हणजे चलनातील एकूण रकमेचे सुमारे ८६ टक्के. पाचशेची नोट आता मोलकरणीच्या डब्यात आणि शेतमजुराच्या कनवटीलाही होती. 'जुनी नोट कोणी घेतलीच पाहिजे' याची तेव्हा सरकारने यादीच काढली : सरकारी रुग्णालये, रेल्वेच्या तिकीटखिडक्या, सरकारी बसगाड्या, पेट्रोलपंप, सरकारमान्य दूधकेंद्रे आणि स्मशाने. खाजगी रुग्णालये यादीत नव्हती. जन्म, प्रवास, दूध आणि मरण यांची सोय या यादीने पाहिली. पण आजारी पडलेला मनुष्य कोणत्या दारी गेला यावर त्याच्या नोटेचे मोल ठरू लागले. १४ नोव्हेंबरला जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा घेण्यास मनाई झाली. महाराष्ट्रात ज्या शेतकऱ्याची बँक म्हणजे जिल्हा बँकच, त्याच्या दारचेच दार बंद झाले, आणि तेही रब्बीच्या हंगामात.

रद्द केलेल्या १५.४१ लाख कोटींपैकी १५.३१ लाख कोटींच्या नोटा शेवटी बँकांत परत आल्या. ज्या आल्या नाहीत त्या सगळ्याच काळ्या होत्या असे कोण म्हणेल? पोथीत ठेवून विसरलेल्या, वृद्धेने उशीच्या अभ्र्यात शिवलेल्या नोटाही त्यांत असणारच. २०१७ च्या कायद्याने रिझर्व्ह बँकेचे या नोटांविषयीचे दायित्व संपविले, आणि अशा दहापेक्षा अधिक नोटा जवळ बाळगणे हा अपराध ठरविला. अभ्यासकांना व संग्राहकांना पंचवीसपर्यंत सवलत ठेवली. २ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने हा निर्णय वैध मानला. न्यायमूर्ती नागरत्ना यांनी मात्र आपल्या भिन्न मतपत्रात असे म्हटले की, एवढी मोठी गोष्ट जाहीरनाम्याने नव्हे, तर संसदेच्या कायद्याने व्हावयास हवी होती.

त्याच वर्षी १९ मे रोजी दोन हजारांची नोट परत घेण्याचे जाहीर झाले, तेव्हा रीत बदललेली दिसली. चलनत्व कायम ठेवले, बँकांत चार महिन्यांहून अधिक मुदत दिली, आणि ती संपल्यावरही रिझर्व्ह बँकेच्या ठरावीक कार्यालयांत दार उघडे ठेवले. दुकानदार ती नोट घेताना कां कूं करीतच होते; पण त्यामुळे कोणी बुडाला नाही. गिऱ्हाइकाला गल्ल्यापाशी नकार मिळाला, तरी त्याच्या नोटेला जाण्यास एक दार होते.

आमच्या मते सगळ्या प्रश्नाचे मर्म येथे आहे. दुकानदारावर जुनी नोट घेण्याची सक्ती करून हा तंटा मिटावयाचा नाही. त्याचाही संसार आहे, त्यालाही ती नोट पुढे खपवावयाची असते. नोटेवरचे वचन दुकानदाराने दिलेले नाही, ते ज्याने दिले त्यानेच पाळावयाचे आहे. इंग्लंडमध्ये चलनातून गेलेली नोट दुकानदार नाकारू शकतो, परंतु बँक ऑफ इंग्लंड आपली कोणतीही खरी जुनी नोट केव्हाही बदलून देते. जर्मनीची मध्यवर्ती बँक पूर्वीच्या मार्कांच्या नोटांना आजही मुदतीविना युरो देते. नोट चलनातून जाणे आणि वचन मोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या देशांनी ओळखले. आपल्याकडेही हाली रुपयाच्या वेळी ते ओळखले होते.

राज्यकर्त्यांनी नोटा अवश्य बदलाव्यात. बनावट नोटांचा आणि काळ्या धनाचा बंदोबस्त करणे त्यांचे कामच आहे. परंतु उघड्या दाराची मुदत ठरविताना त्यांनी सावकाराकडे पाहू नये. ज्याला बातमी सर्वांत उशिरा कळते आणि ज्याची बँक सर्वांत दूर असते, त्याच्याकडे पाहावे. त्याच्या हातची शेवटची नोट ज्या दिवशी पुरत्या मोलाने परत घेतली जाईल, त्या दिवशी ते वचन पाळले असे म्हणता येईल.