शेजाऱ्यांच्या आधाराने
माझा पुढचा वरचा दात पडला आणि कविता वाचताना प्रत्येक 'स' शिट्टी वाजवू लागला. व्याकरणातले दंत्य वर्ण तेव्हा खरे कळले! अंधेरीहून लोकलनं मुंबई सेंट्रलला, १९३३ पासूनच्या नायर दंत महाविद्यालयात गेलो. शेजारचे दोन दात घासून त्यांवर कॅप बसवायची, मधे खोटा दात जोडायचा, हाच ब्रिज. इटलीतले एट्रुस्कन लोक अडीच हजार वर्षांपूर्वी सोन्याच्या पट्टीनं असे दात बांधत. आपल्याकडे डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्याला पहिलं दंत महाविद्यालय काढलं. मंडळी, माझ्या एका 'स'साठी दोन धडधाकट शेजारी झिजले. म्हणून ब्रिजखालून रोज दोरा फिरवतो. शेजाऱ्यांचं ऋण आहे, ते किडू देऊन कसं चालेल?